नभोवाणी आणि घरातली संध्याकाळ

कोणत्याही नव्या साधनाचा इतिहास बहुधा ते कोणी शोधले, कोणी आणले आणि कोणी चालविले, या अंगाने लिहिला जातो. ते साधन ज्याच्या घरी गेले, त्या माणसाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. नभोवाणीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या देशातील लोकांच्या नित्य जीवनात रेडिओने जो पालट घडविला, तो चालकांच्या योजनेप्रमाणे थोडा आणि श्रोत्यांच्या निवडीप्रमाणे अधिक घडला.

मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणाऱ्या खाजगी कंपनीने तीन वर्षांच्या आतच दिवाळे काढले. १९३० मध्ये सरकारने तो व्याप हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. संस्थानांतही हे वारे पोहोचले होते. बडोदे, हैदराबाद व औरंगाबाद येथे संस्थानी केंद्रे होती. ती १९४८ ते १९५० या काळात मध्यवर्ती सेवेत सामील झाली. इंदूरला १९५५ मध्ये आणि ग्वाल्हेरला १९६४ मध्ये केंद्र निघाले. रेडिओ बाळगण्यास त्या काळी सरकारी परवाना लागे व त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. यंत्र महाग असल्यामुळे ज्याच्या घरी ते असे, तिथे शेजारीपाजारी जमत. ऐकणे ही गोष्ट सहसा एकट्याची नसे.

या यंत्राने लोकांना काय ऐकवावे? या प्रश्नाचे एक ठाम उत्तर १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर यांच्यापाशी होते. शास्त्रीय संगीत हा राष्ट्राचा ठेवा असून तो घरोघर पोहोचविणे हे नभोवाणीचे कर्तव्य आहे, अशी त्यांची निष्ठा होती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. संस्थाने विलीन झाल्यामुळे दरबारी आश्रयास मुकलेल्या अनेक गायक-वादकांना नभोवाणीने मान व उपजीविका दिली, हे ऋण विसरता येणार नाही. पण त्याबरोबरच चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लागली. गीत वाजविताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, अशी सरकारची भूमिका होती. निर्मात्यांनी रागावून आपली परवानगीच काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी यावर मोर्चा काढला नाही की सभा भरविली नाही. त्यांनी फक्त रेडिओची खुंटी फिरविली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक सिलोनच्या हाती आले होते. ३ डिसेंबर १९५२ पासून त्या रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी नावाचा वीस वर्षांचा तरुण मुंबईत कार्यक्रम मुद्रित करी, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तिथून तो आवाज पुन्हा हिंदुस्थानभर ऐकू येई. पत्रांचा पाऊस पडू लागला. तेव्हाच्या बिहारातील झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ तिथल्या श्रोत्यांच्या फर्माइशींमुळे देशभर ठाऊक झाले. बुधवारी रात्री आठ वाजता ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांची जेवणे आणि मुलांचे अभ्यास या कार्यक्रमाच्या मागेपुढे सरकले. टूथपेस्टच्या एका जाहिरातीने कुटुंबाचे वेळापत्रक बदलून टाकले. अखेर सरकारलाही नमते घ्यावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली.

यावरून लोकांना हलकेफुलके तेवढेच आवडते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची रचना, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते! त्या वेळी कित्येक घरांत रेडिओला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. हे कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते. जे श्रोते सिलोनकडे वळत होते, त्यांतलेच कितीतरी पुण्याकडेही कान लावून बसत. चांगले आणि आवडते ही दोन टोके नव्हेत, हे गीतरामायणाने सिद्ध केले.

पुणे केंद्राने आणखी एक प्रयोग केला, तो याहून कमी प्रसिद्ध पण अधिक बोधप्रद आहे. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करीत, शंका पुण्यास लिहून पाठवीत आणि त्यांची उत्तरे पुढे नभोवाणीवरून मिळत. या प्रयोगाची शास्त्रीय पाहणी झाली. मंडळे असलेल्या खेड्यांत लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली; जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे ती फारच थोडी होती. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि उलट विचारण्याच्या मुभेने.

गोमंतकात तर ऐकणे हेच धाडस होते. पोर्तुगीज अमलात वृत्तपत्रांना सेन्सॉरचा पहारा होता. अशा वेळी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सरहद्दीबाहेरच्या रानातून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत गुप्त नभोवाणी चालविली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ती चालू होती. तिथेही खरा निर्णय श्रोत्याच्या बोटांतच होता: सरकारी केंद्र लावायचे की रानातले?

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर गेला. मग दूरदर्शन आले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत आणि हार-उदबत्तीचा मान चित्रवाणी संचाला मिळे. आज दूरध्वनी यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. निवड एवढी विपुल कधीच नव्हती. फर्माइशीचे पत्र टाकून आठवडाभर वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. परंतु एकाच खोलीत चार माणसे चार निरनिराळ्या गोष्टी कानात घालून बसलेली असतात.

नवे साधन घराचे वाटोळे करील, ही भीती आणि ते घराचा उद्धार करील, ही आशा, दोन्ही रेडिओच्या वेळी बोलून दाखविल्या गेल्या होत्या व दोन्ही अपुऱ्या ठरल्या. खुंटी फिरविण्याचा श्रोत्याचा अधिकार आजही शाबूत आहे. दीडशे खेड्यांतील त्या शेतकऱ्यांपाशी मात्र याखेरीज आणखी एक गोष्ट होती: ऐकून झाल्यावर ज्याच्याशी बोलावे असा शेजारी. तो जपायचा की नाही, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ते घरातील माणसांनाच ठरवावे लागते.