मंदप्रकाशासाठी कॅमेऱ्याची निवड

शेजारतीनंतर देवालयात केवळ नंदादीपाचा प्रकाश उरतो. अशा वेळी दानपेटीजवळील व्यक्तीचा चेहरा ओळखू न आल्यास कॅमेरा असूनही निरुपयोगी ठरतो. म्हणून निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात.

१) सेन्सर : मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा सेन्सरचा आकार महत्त्वाचा. १/२.८ इंचीपेक्षा १/१.८ इंची सेन्सर मोठा असतो.

२) भिंग : एफ १.० भिंगातून एफ २.० च्या सुमारे चौपट प्रकाश आत येतो.

३) लक्सचा आकडा : तो मंद शटरवर मोजलेला असल्यास चालती व्यक्ती पुसट दिसते.

४) अवरक्त दिवे : यांत चित्र कृष्णधवल येते, वस्त्राचा रंग कळत नाही. असा कॅमेरा काचेमागे बसवू नये. प्रकाश परावर्तित होऊन चित्र धूसर होते.

खरेदीपूर्वी रात्री, प्रत्यक्ष जागेवर, चालत्या माणसावर चाचणी अवश्य घ्यावी.