चांदोरीच्या शाळेतल्या अनुताई

नाशिकहून निफाडकडे जाताना गोदाकाठी चांदोरी लागते. पुराच्या बातम्यांमुळे आणि नदीपात्रातल्या जुन्या मंदिरांमुळे हे गाव आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. 1929 च्या सुमारास इथे अनुताई वाघ नावाची विशीच्या आतली शिक्षिका शिकवायला आली होती, हे मात्र आमच्या शिक्षकवर्गातही सांगावे लागते. अनुताई म्हटले की लोकांना कोसबाद आठवते. चांदोरीचे नाव कुणी घेत नाही.

त्यांचा जन्म 17 मार्च 1910 चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य ठरलेले असे: अंगावर आलवण आणि जन्मभर माजघरातले काम. अनुताई त्याऐवजी व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन खेड्यात शिक्षिका झाल्या. नंतर पुण्याच्या हुजूरपागेत दहा वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि ती सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिकही केले. आम्ही बी.एड. होऊन नोकरीला लागलेल्या मंडळींनी हा क्रम जरा सावकाश वाचावा.

1945 मध्ये ही बसलेली घडी मोडून त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्यातही त्या होत्या. पण माँटेसरीची ती सुबक, महागडी साधने शहरातल्या मुलांपुरतीच राहत होती. खेड्यात हे जमेल का, हे पाहायला त्या निघाल्या होत्या. (बोर्डीचे हायस्कूल गोखले एज्युकेशन सोसायटीचे, म्हणजे आपल्या एच.पी.टी. कॉलेजवाल्यांचेच.)

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. पटावर गैरहजेरी मांडून, पालक उदासीन असल्याचा शेरा मारून मोकळे होता आले असते. असे शेरे आजही लिहिले जातात. या दोघींनी शाळाच उचलून वस्तीत नेली आणि एका अंगणात भरवली. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. शिंपले, बिया, खडे, माती, पाने हीच साधने. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी!

1957 च्या आसपास काम कोसबादच्या टेकडीवर गेले, वारल्यांच्या मुलखात. इथली मुले दिवसभर गुरांमागे. मग बाई कुरणात जाऊ लागल्या आणि कुरणशाळा सुरू झाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मोठी बहीण घरी राहते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिले विकासवाडी. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की प्रत्येक वेळी मूल का येत नाही याचे कारण आधी शोधले गेले आणि शाळेचा आकार त्यावरून ठरला. आज पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येतात. मुलांची नावे तिकडच्या पटावर आणि मुले इकडच्या बांधावर. हा प्रश्न कुरणशाळेचाच आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. अनुताई बोर्डीला आल्या त्याच वर्षी, त्याच डहाणू भागात गोदावरी परुळेकर वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना संघटित करत होत्या. ज्याचे आईबाप सावकाराकडे राबतात त्या मुलाला नुसते अंगण पुरत नाही. दोन्ही कामे लागतात. कोणते मोठे, यावर वाद घालणारे बहुधा दोन्हींपैकी काहीच करत नसतात.

आणि भाषा. वारली मुलाची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. त्यांची घरची दखनी उर्दूच्या पुस्तकातही नाही आणि मराठीच्याही नाही. पहिलीतले पोर ‘मेरे कू पानी होना’ म्हणते, तेव्हा त्याला आधी पाणी द्यावे की व्याकरण? मी पाणी देतो. ते पिऊन झाल्यावर ‘मला पाणी हवे’ हे वाक्य हसत शिकून जाते. पुढच्या वेळी ते स्वतःच मराठीत मागते आणि सगळा वर्ग ऐकतो.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. त्यानंतर अनुताईंनी कोसबाद सांभाळले, ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्रही लिहिले. फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्या हाती सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रातल्या उल्लेखाखेरीज फारसे काही नाही. अनुताईंनी स्वतःच लिहून ठेवले, म्हणून त्यांच्याबद्दल एवढे बोलता येते. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द कामाला आला. आज देशात 14 लाखांच्या घरात अंगणवाड्या आहेत. तिथल्या बाई मुलांना शिकवतात, आहार देतात, वजने घेतात, मोबाइलवर माहिती भरतात. सरकार त्यांना पगार देत नाही, मानधन देते. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि जानेवारीअखेरपर्यंत अंगणवाड्यांना कुलपे होती. आमच्या मोहल्ल्यातली पोरे त्या दिवसांत रोज दारापर्यंत जाऊन परत येत.