हॉस्पिसियो रुग्णालय, मडगाव

दक्षिण गोव्याचे जिल्हा रुग्णालय. 1867 साली पाद्री आंतोनियो जुआंव द मिरांडा यांनी गरीब आणि निराधार रुग्णांसाठी ते स्थापन केले. पुढे ते सरकारी झाले, तरी पोर्तुगीज काळातले नाव लोकांनी सोडले नाही. मिरांडा यांची स्मृती शहरातील ‘पाद्रे मिरांडा रोड’ या रस्त्याच्या नावात टिकून आहे.

भर वस्तीतील जुन्या इमारतीला रुग्णांची वाढती गर्दी पेलेना. जागा अपुरी, विस्ताराला वाव नाही. गंभीर रुग्णाला सुमारे 30 किलोमीटरवरील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागे. ज्याच्या घरचे माणूस रुग्णवाहिकेत आहे त्याच्या लेखी हे अंतर फार मोठे असते, म्हणूनच पुनर्विकासाची मागणी न्याय्य होती. जुन्या वास्तूची डागडुजी करण्याऐवजी सरकारने मडगावातच नवी बहुमजली इमारत उभारली. तिचे काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले, हे मात्र समर्थनीय नाही. अखेर कोविडच्या साथीने घाई करायला लावली: सप्टेंबर 2020 मध्ये ती कोविड रुग्णालय म्हणून सुरू झाली. त्यानंतर जुन्या रुग्णालयातील सेवा टप्प्याटप्प्याने तेथे हलवण्यात आल्या. नव्या इमारतीलाही सासष्टी तालुक्यातले लोक ‘हॉस्पिसियो’च म्हणतात.