ॲक्सल ऑइल प्लग

ॲक्सल ऑइल प्लग हा ट्रकच्या मागील आसाच्या पोकळ कवचाला, म्हणजे हौसिंगला, बसवलेला आट्यांचा धातूचा प्लग होय. हौसिंगमध्ये क्राउन, पिनियन व डिफरन्शियलची दंतचक्रे गिअर ऑइलमध्ये फिरतात. बहुतेक जुन्या ट्रकांना असे दोन प्लग असतात: साधारण मध्यावर तेल भरण्याचा फिलर प्लग आणि तळाशी तेल सोडण्याचा ड्रेन प्लग. फिलर प्लगचे छिद्र हीच तेलाच्या योग्य पातळीची खूण असते.

'''स्थानिक संदर्भ'''

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातून पुणे–अहिल्यानगर मार्ग, तर दौंड तालुक्यातून पुणे–सोलापूर मार्ग जातो. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या भागात मालवाहतूक मोठी आहे. दोन्ही तालुक्यांत उसाचे पीक होते. न्हावरे व पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभारले गेले. गाळप हंगाम साधारणपणे हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. केवळ हंगामात चालणारी गाडी पावसाळ्यात उघड्यावर उभी राहिल्यास चिखल व ओल यांमुळे प्लगचे आटे गंजतात. हंगामापूर्वी तेल बदलताना ही अडचण प्रथम लक्षात येते.

'''प्लग अडकण्याची कारणे'''

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो आट्यांमधील फट भरून टाकतो. काही प्लगांचे आटे निमुळते असतात. असा प्लग प्रमाणाबाहेर आवळल्यास पाचरीसारखा घट्ट रुततो. चुकीच्या मापाचा पाना वापरल्यास प्लगचे कोपरे झिजतात व पुढे पाना पकड घेत नाही.

'''प्रथम फिलर प्लग'''

तेल सोडण्यापूर्वी फिलर प्लग उघडतो याची खात्री करणे हा या कामाचा मूलभूत नियम आहे. ड्रेन प्लग आधी काढला आणि नंतर फिलर प्लग निघाला नाही, तर हौसिंग रिकामे राहते. अशी गाडी चालवल्यास क्राउन-पिनियनचे दात व बेअरिंग थोड्याच अंतरात तापून निकामी होऊ शकतात. फिलर प्लग आधी निघाल्यास मात्र ड्रेन प्लग न उघडताही हातपंपाने बरेचसे तेल वर खेचून काढता येते.

'''काढण्याची पद्धत'''

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले जातात. गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबता येत नाही. आसाखाली भक्कम घोड्या लावाव्या लागतात. थोडे अंतर चालवून आणलेल्या गाडीचे तेल पातळ होते व ते गाळासह बाहेर येते.

प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढून आट्यांवर गंज सोडवणारे तेल लावतात व ते काही तास मुरू देतात. त्यानंतर प्लगच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिल्यास गंजाची पकड सैल होते. नेमक्या मापाचा पाना पूर्ण बसवून प्लग आधी किंचित आवळण्याच्या व मग सोडण्याच्या दिशेने फिरवतात. पान्याला लांब पाईप जोडल्यास तेवढ्याच ताकदीत फिरवण्याचा जोर वाढतो. प्लगकडे समोरून पाहिले असता सोडण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. तळाचा प्लग वरून पाहत फिरवताना ही दिशा चुकण्याचा संभव असतो.

एवढ्याने प्लग न सुटल्यास त्याच्याभोवतीचे हौसिंग तापवतात. पोलादाचे ३० मिमी व्यासाचे छिद्र १५०° सेल्सिअसने तापल्यास सुमारे ०.०५ मिमी रुंदावते. प्लग तुलनेने थंड राहिला तरच या फरकाचा उपयोग होतो. तेल व त्याची वाफ पेट घेऊ शकत असल्याने ज्योत वापरणे धोक्याचे असते. हे काम अनुभवी कारागिराकडून, अग्निशामक जवळ ठेवून केले जाते. कोपरे झिजलेल्या प्लगवर नट वेल्डिंगने जोडून तो फिरवता येतो. त्याआधी बॅटरीची जोडणी सोडतात. प्लग ड्रिलने पोखरणे हा शेवटचा उपाय असून त्यानंतर आत पडलेला कीस धुऊन काढावा लागतो.

'''तपासणी व पुनर्जोडणी'''

चुंबक असलेल्या प्लगवर बारीक करडा लेप आढळणे ही सामान्य झीज मानली जाते. धातूचे तुकडे आढळल्यास दंतचक्रांची तपासणी आवश्यक ठरते. दुधाळ दिसणारे तेल हे पाणी शिरल्याचे लक्षण आहे. अशा वेळी हौसिंगवरील हवा जाण्याचा ब्रीदर व तेलाचे सील तपासतात. आटे साफ करून, वॉशर असल्यास नवा घालून, उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच प्लग आवळला जातो. तेलही उत्पादकाच्या पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच, फिलर छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरतात.

'''वापरलेले तेल'''

काढलेले तेल ओढ्यात वा जमिनीवर सोडल्यास पाणी व माती दूषित होते. या परिसरातील घोड नदी पुढे भीमेला मिळते. भारतात वापरलेल्या तेलाची विल्हेवाट धोकादायक व इतर टाकाऊ पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांखाली येते. असे तेल बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया व्यवस्थेकडे देणे अपेक्षित असते.