कण्याचा क्षय : आधी पारख, मग इलाज

एखाद्या घराचा कर्ता पुरुष गेला की त्या घराचा कणा मोडला, असे आपण म्हणतो. परंतु हाडामांसाचा खरा कणाही मोडतो, आणि तो मोडणारा शत्रू पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. आपल्या देशात या जंतूंमध्ये क्षयाच्या जंतूचे स्थान मोठे आहे. क्षय म्हणजे फुप्फुसाचा रोग, खोकला आणि रक्त, एवढीच आपली समजूत असते. तो पाठीच्या मणक्यांतही घर करतो हे अनेक सुशिक्षित पालकांनाही ठाऊक नसते. म्हणून या रोगाच्या उपचाराचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

हा रोग फार जुना आहे. इजिप्तमधील एका पुजाऱ्याच्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममीत झिजलेले मणके, पाठीचे कुबड आणि गळवाची खूण आढळली. तिचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध झाले. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली असे दाखवून दिले की, पाठीला बाक येऊन पाय लुळे पडणे हा साधा पक्षाघात नसून मणक्यांच्या रोगाचा परिणाम आहे. त्यांच्या नावावरून या रोगास 'पॉटचा रोग' म्हणतात. मात्र त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. ते कळण्यास २४ मार्च १८८२ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला.

कारण कळले तरी औषध नव्हते. पुढची साठ वर्षे विश्रांती, मोकळी हवा, सूर्यप्रकाश आणि प्लास्टरचे कवच हाच इलाज होता. लहान मुले महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, पाठीवर पडून राहत. शाळा सुटे, सोबती पुढच्या वर्गात जात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. पुढे पॅस आले, १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले, आणि चित्र पालटू लागले.

मराठवाड्याच्या दृष्टीने १९५६ हे साल महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आपण सारे 'घाटी' म्हणतो. योगायोग असा की, कण्याच्या क्षयाच्या इतिहासातही हेच साल ठळक आहे. हाँगकाँग येथील हॉजसन व स्टॉक यांनी समोरच्या बाजूने शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढून टाकण्याची व तेथे हाडाचा तुकडा बसविण्याची पद्धत त्या वर्षी मांडली. इंग्लंडात ग्रिफिथ्स, सेडन आणि रोफ यांनी या रोगातील लुळेपणावर ग्रंथ लिहिला. रोग चालू असताना आलेला लुळेपणा वेगळा आणि रोग बरा झाल्यावर पुष्कळ वर्षांनी, वाकलेल्या हाडाच्या दाबाने आलेला लुळेपणा वेगळा, हा भेद त्यात स्पष्ट झाला. पहिल्यात औषधाने सुधारण्याची आशा अधिक, दुसऱ्यात औषधाचा उपयोग थोडा. रोग्याचे वर्ग पाडणे ही केवळ पुस्तकी हौस नाही, त्यावर माणसाचे चालणे अवलंबून असते, हे येथे ध्यानात येते.

त्याच १९५६ साली मद्रास येथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र निघाले. फुप्फुसाच्या क्षयाचा गरीब रोगी घरी राहून औषध घेतो तेव्हाही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, असे या केंद्राने १९५९ साली सिद्ध केले. मग प्रश्न आला की कण्याच्या रोग्याचे काय? त्यासाठी ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने कोरिया, हाँगकाँग, ऱ्होडेशिया आणि पुढे मद्रास येथे तुलनात्मक प्रयोग चालविले. कोरियातील मासान येथे काही रोग्यांना सहा महिने रुग्णालयात झोपवून ठेवले, तर काहींना पहिल्यापासून हिंडूफिरू दिले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे कवच घातले, काहींना घातले नाही. औषध सर्वांना दिले. १९७३ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. सक्तीच्या विश्रांतीने किंवा प्लास्टरने काहीही अधिक लाभ झाला नव्हता. गुण आला तो नियमाने घेतलेल्या औषधाचा. ज्यांचे पाय शाबूत आहेत अशा मुलांना वर्ष-वर्ष खाटेला खिळवून ठेवण्याचे कारण उरले नाही. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेचे महत्त्व मात्र याने नाहीसे झाले नाही. तिने हाड लवकर सांधले जाई आणि बाक कमी राही.

मग सुरी कोणावर चालवावी? याचे उत्तर वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 'मध्यममार्ग' या नावाने १९७५ साली मांडले. सर्वांना औषध द्यावे, रोग्यावर बारीक नजर ठेवावी, आणि जो औषधाने सुधारत नाही किंवा ज्याचा लुळेपणा वाढतच जातो त्याच्यावरच शस्त्रक्रिया करावी. त्यांनी लुळेपणाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीत रोग्याला काही जाणवत नाही, फक्त वैद्याला खूण सापडते. दुसरीत रोग्याला कमजोरी कळते, तरी तो आधाराने चालतो. तिसरीत चालणे थांबते. चौथीत संवेदना बऱ्याच अंशी जाते किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. पहिल्या पायरीवर आलेला रोगी आणि चौथ्या पायरीवर आलेला रोगी यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर असते. मुलांच्या बाबतीत डॉ. एस. राजशेखरन यांनी पंधरा वर्षांच्या पाहणीवरून २००१ साली क्ष-किरण चित्रातील चार धोक्याच्या खुणा सांगितल्या. रोग बरा झाल्यावरही, वाढीच्या वयात कोणत्या मुलाचे कुबड वाढत जाणार हे त्यावरून आधी ओळखता येते.

येथे एक सावधगिरी हवी. मणक्याचा प्रत्येक जंतुदोष क्षयाचा नसतो. पू करणारे जंतू बहुधा झपाट्याने, जोराच्या तापासह येतात आणि दोन मणक्यांमधील चकती लवकर खातात. क्षय सावकाश येतो आणि त्याचे गळू 'थंड' असते. न तापविलेल्या दुधातून येणारा ब्रुसेला जंतूही पाठ धरतो. तिघांची औषधे निरनिराळी आहेत. म्हणून शक्य तेव्हा सुईने नमुना काढून जंतूची ओळख पटविणे आवश्यक ठरते. पुवाच्या रोगासाठी इटलीच्या पोला यांनी २०१७ साली तीन वर्ग सुचविले. कणा स्थिर आहे तो पहिला, हाड फार झिजून कणा डळमळला तो दुसरा, आणि मज्जारज्जूजवळ पू साचला किंवा पाय लुळे पडू लागले तो तिसरा. प्रश्न पूर्वीचेच आहेत : जंतू कोणता, कणा उभा राहील का, आणि नसांवर दाब आहे का?

पालकांनी यातून काय घ्यावे? मुलाची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत असेल, दुखण्याने रात्री झोप मोडत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, किंवा पाठीवर मणक्याचे टोक उठून दिसू लागले असेल, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून थांबू नये. पायांत अशक्तपणा आला किंवा लघवीचा ताबा सुटला तर एक दिवसही दवडू नये. मुलीच्या पाठीचा बाक लग्नाच्या काळजीने ओढणीखाली लपविला जातो. लपविल्याने बाक जात नाही, रोगाला मात्र अवधी मिळतो. शासनाच्या क्षय कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. मणक्याच्या क्षयाचा उपचार सहसा बारा महिने, क्वचित त्याहून अधिक चालतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणे म्हणजे जंतूला औषध पचविण्यास शिकविणे होय.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या घाटीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसतील. समोर एखादी आई आपल्या वाकलेल्या मुलाला घेऊन येईल. तेव्हा चिठ्ठी लिहिण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. शेकडो वर्षे हजारो मुले अंथरुणाला खिळून राहिली, त्यानंतर हे प्रश्न आपल्या हाती आले आहेत. त्यांची उत्तरे वेळेवर मिळाली, तर ते मूल औषध घेत घेत आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसू शकेल.