बैलांवरील क्रूरतेचा प्रतिबंध : कडेगाव परिसर

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या सातारा जिल्ह्याच्या पट्ट्यात ओढकामाच्या बैलांना होणारी इजा, ती रोखण्यासाठीचे कायदे, लोकरीती आणि शिक्षण यांविषयीची नोंद. प्राण्यांवरील क्रूरता म्हटले की शहरी वाचकाला भटकी कुत्री किंवा पिंजऱ्यातले पक्षी आठवतात. कडेगावात मात्र हा प्रश्न मुख्यतः बैलाच्या मानेचा आहे, आणि ती मान उसाच्या गाडीला जुंपलेली आहे.

पार्श्वभूमी : कडेगाव हा मुळात कमी पावसाचा मुलूख. कृष्णेचे पाणी उपसून आणणाऱ्या ताकारी आणि टेंभू या योजनांनी तो पालटला. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना आला आणि कुंडल, कराड, इस्लामपूर या बाजूंच्या कारखान्यांच्या टोळ्याही इकडच्या फडांत उतरू लागल्या. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि जत भागांतून ऊसतोड मजूर येतात. त्यांतले बरेच जण आपली बैलजोडी बरोबर आणतात. मजूर नवरा-बायको ऊस तोडून मोळ्या बांधतात, टायरगाडीत रचतात आणि कारखान्याच्या काट्यावर पोहोचवतात. अशा टोळीला टायर सेंटर म्हणतात.

बैलाला होणाऱ्या इजेचे मूळ या व्यवस्थेत आहे. हंगामाआधी मजूर मुकादमाकडून उचल घेतो. ती फिटते टनावर. जितके टन काट्यावर चढतील तितकी उचल उतरते, म्हणून प्रत्येक खेपेला चार मोळ्या जास्त रचल्या जातात. बैलाची जोडी हीच त्या कुटुंबाची सर्वांत महाग मालमत्ता असते, आणि तीच सर्वांत जास्त झिजते. गाडीवान निर्दय असतो म्हणून हे घडते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच परिसरात रात्री फडाच्या कडेला पालाबाहेर बैलांच्या अंगावर स्वतःचे पोते टाकणारी माणसे आहेत. दया आणि क्रूरता एकाच माणसाच्या एकाच दिवसात सापडतात. क्रूरता रोखण्याचा जो प्रयत्न हे विसरतो तो गाडीवानाला दंड करून थांबतो आणि बैलाच्या पदरात काही पडत नाही.

जू आणि मान : दोन चाकी गाडीत भार कसा रचला यावर मानेचे सगळे अवलंबून असते. ऊस पुढे जास्त आला की जू मानेवर दाबते. मागे जास्त गेला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे जोते आवळून बैलाचा श्वास कोंडतो. उतारावर गाडी बैलांना मागून ढकलते आणि जू शिंगांकडे सरकते. चढावर सगळा जोर पुन्हा खांद्यावर येतो. कडेपूरजवळच्या डोंगराई परिसरात किंवा सागरेश्वराच्या डोंगराकडेच्या रस्त्यांवर हे चढउतार टाळता येत नाहीत.

जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असेल तर ठेंगण्याच्या मानेला जू तिरके घासते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कातडी अजून राबलेली नसते, तेव्हा धोका जास्त. अवकाळी पावसाने मान ओली असताना जुंपले तर कातडी लवकर सोलवटते. आधी केस झडतात, मग गरम सूज येते. हीच खांदेसूज. या टप्प्यावर आठ-दहा दिवस जू उतरवले, थंड पाण्याने शेकले आणि पशुवैद्याकडून औषध घेतले तर बैल बरा होतो. तसे न करता काम चालू ठेवले तर जखम चिघळते, पू होतो किंवा आत घट्ट गाठ धरते. त्या गाठीला लोक आवाळू म्हणतात, आणि ते पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच निघते. पण आठ-दहा दिवस जू उतरवणे म्हणजे तितक्या दिवसांची खेप बुडणे. औषध कोणते द्यायचे हे गावात बहुतेकांना ठाऊक असते, विश्रांती देणे परवडत नाही.

इतर इजा : पराणीच्या टोकाला बसवलेली लोखंडी आर पुठ्ठ्यावर टोचली जाते. शेपूट पिरगाळल्याने मणके निखळतात. बाजारात जाणता गिऱ्हाईक दात बघून झाले की शेपटीवरून हात फिरवतो. शेपूट जागोजागी वाकडी लागली तर बैल मार खाऊन चालणारा आहे हे त्याला कळते. वेसण फार आवळली की नाकाचा पडदा फाटतो. साध्या हाताळणीला तोंडाभोवती बांधायची मोरकी पुरते, हे पशुवैद्य वारंवार सांगतात. डांबरी रस्त्यावर खूर झिजू नयेत म्हणून पत्री ठोकतात, पण खिळा चुकून जिवंत भागात गेला तर बैल लंगडतो आणि त्याच पायाने टनभर ओझे ओढतो. दुखण्यावर उपाय म्हणून तापल्या लोखंडाने डागण्याची रीत अजून सुटलेली नाही. लंगडणाऱ्या खांद्यावर किंवा पोट फुगलेल्या जनावराच्या कुशीवर डागाच्या रेघा दिसतात. डागल्याने रोग जात नाही, उलट एक जखम वाढते.

चाऱ्याचेही असेच आहे. फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक आणि फुकट मिळते, म्हणून हंगामभर बैल बहुतांशी वाढ्यावर जगतो. वाढ्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असल्याने अंगातले कॅल्शियम कमी होते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत थोडी कडबा-पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे, हा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

कायदा : 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे श्रेय रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या प्रयत्नांना जाते. 1962 मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या. या कायद्याखालचे 1965 चे ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम कडेगावातल्या प्रत्येक फडाला लागू होतात, पण फडात ते क्वचितच कोणाला माहीत असतात. बैलाचे वजन 200 किलोपर्यंत, 200 ते 350 किलो की त्याहून जास्त, आणि गाडीला कोणती चाके आहेत, यावर ओझ्याची मर्यादा ठरते. लांब आणि तीव्र चढावर ती कमी होते. दिवसात 9 तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग 5 तासांहून जास्त जुंपता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायला बंदी आहे. टोकदार आर वापरायलाही बंदी आहे.

यातला प्रत्येक नियम उसाच्या हंगामाशी थेट भिडतो. फाल्गुन-चैत्रात या भागात दुपारचा पारा 37 च्या वर सहज जातो, आणि नेमके तेव्हाच उरलेला ऊस लवकर उचलण्याची घाई असते. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत गाड्या उभ्या राहतात. तिथे बैल सोडून, गाडीला टेकू लावून, पाणी दाखवले तर तीन-चार तासांची विश्रांती आपोआप मिळते. जुंपलेलेच ठेवले तर तोच वेळ उभ्याने ओझे पेलण्यात जातो. म्हणून गाडीतळावर सावली, पाण्याचे हौद आणि बैल सोडण्याची सक्ती या तीन गोष्टी कोणत्याही दंडापेक्षा मोलाच्या आहेत. त्या कारखान्याने करायच्या आहेत, गाडीवानाने नव्हेत.

दंडाचा आकडा तर लाजिरवाणा आहे. 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, आणि तो आजही तसाच आहे. जनावर मारणे किंवा कायमचे निकामी करणे हा वेगळा गुन्हा असून भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रोज थोडी थोडी झिजणारी मान त्या कलमात बसत नाही.

शर्यत : याच बैलाचे दुसरे आयुष्य छकड्याला जुंपलेले असते. सांगली-सातारा हा बैलगाडा शर्यतीचा बालेकिल्ला. माणदेशाची खिलार जात, खरसुंडी आणि पुसेगाव येथल्या यात्रांमधले जनावरांचे बाजार, आणि शर्यतीतल्या बैलाची प्रतिष्ठा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण ती न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकीय तपासणी लागते, चाबूक-काठी आणि विजेचा धक्का यांना मनाई आहे. नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे मैदानात काही सेकंद धावणाऱ्या बैलाला इजा झाली तर लाखांचा दंड, आणि पाच महिने उसाखाली राबणाऱ्याला झाली तर पन्नास रुपयांचा. शर्यतीतल्या बैलाला दूध-अंडी, खुराक, रोजचा खरारा मिळतो. टायरगाडीच्या बैलाला वाढे मिळते. शर्यतीविषयी वर्तमानपत्रांत रकाने भरले, न्यायालयात वर्षे गेली, ते सगळे योग्यच होते. मात्र संख्येने मोठा आणि दुःखाने लांब असलेला प्रश्न त्या आवाजात मागे पडला.

बेंदूर : सातारा, सांगली, कोल्हापूर भागात बैलांचा सण आषाढात बेंदूर म्हणून होतो, पोळ्याप्रमाणे श्रावण अमावास्येला नाही. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. गरम पाण्याने खांदा धुतात, हळद आणि लोणी किंवा तेल चोळतात. सणाच्या दिवशी बैल जुंपायचा नाही, मारायचा नाही, घरच्यांआधी त्याला पोळीचा घास द्यायचा. हा केवळ कृतज्ञतेचा विधी नाही. जू कुठे घासते, कातडी कशी मऊ राहते, हे जाणणाऱ्या माणसांनी तो घडवला आहे. अडचण एवढीच की आषाढातला खांदा मशागतीने शिणलेला असतो आणि उसाने सोललेला खांदा पौष-माघात असतो. जुन्या शेतीच्या वेळापत्रकाला सण जुळत होता, साखरेच्या वेळापत्रकाला जुळत नाही. ज्या गाडीवानांनी हंगामातही दर आठवड्याला खांदा धुऊन तेल चोळण्याची सवय ठेवली आहे, त्यांच्या जोड्या शेवटच्या खेपेपर्यंत टिकतात.

संस्था आणि युक्त्या : सांगली, सातारा, सोलापूर भागात 2003 पासून काम करणारी अ‍ॅनिमल राहत ही संस्था ओढकामाच्या जनावरांवर मोफत उपचार करते, आर आणि अणकुचीदार लगाम काढून घेते, कारखान्यांच्या तळांवर गाडीवानांशी बोलते, शाळांत जाते आणि बैलांऐवजी ट्रॅक्टर वापरण्यासाठी कारखान्यांमागे लागते. राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. 2022 च्या लम्पी साथीत बाजार बंद झाले आणि लसीकरण झाले, तेव्हा बाहेरगावच्या जोड्यांची नोंद ठेवण्याची गरज ठळकपणे जाणवली.

त्याच वर्षी इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाची जोडणी केली. दोन बैलांच्या मधोमध, जुवाच्या बाजूला एक खांब आणि त्याच्या टोकाला जमिनीवर फिरणारे चाक. पुढे येणारा भार मानेऐवजी त्या चाकावर जातो, आणि गाडी उभी असताना बैलाला ओझे पेलावे लागत नाही. बैलाची मान वाचवायला मोठ्या यंत्राची गरज नसते, गाडीची घडण बदलली तरी पुरते, हे या मुलांनी दाखवले.

करुणेचे शिक्षण : राज्यघटनेच्या कलम 51क नुसार सजीवांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. शाळेत ते पाठ होते. तहानेल्या गाढवाला गंगेची कावड पाजणाऱ्या एकनाथांची कथा प्रत्येक मुलाला माहीत असते, आणि यात्रेतल्या पशुबळीवर गाडगेबाबांनी कीर्तनांतून केलेले प्रहार या भागातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी अजून आहेत. सांगली जिल्ह्यातल्याच बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवण्याची प्रथा मुंबई उच्च न्यायालयाच्या 2014 च्या आदेशानंतर थांबली. तिथेही मुलांना नागाची शरीररचना आणि त्याच्या सवयी शिकवल्याने जे साधते ते नुसत्या बंदीने साधत नाही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावाजवळ, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून उभे राहिलेले आणि 1985 मध्ये जाहीर झालेले सागरेश्वर अभयारण्य आहे. शाळांच्या सहली तिथे हरणे बघायला जातात. त्याच रस्त्यावर उसाच्या गाड्या चालत असतात, आणि सहलीच्या वहीत त्यांची नोंद नसते.

शिकवायचे काय, हे या भागात अगदी ठोस सांगता येते. जुवाखाली तळहात घालून बघ, कुठे टोचते का. जोडीची उंची माप. खुरात खडा अडकला आहे का बघ. साखरशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी ऊसतोड मजुरांची मुले हे आधीच जाणतात. बैल कधी आजारी आहे हे त्यांना रवंथावरून कळते. गावच्या शाळेतल्या मुलांना या मुलांनीच हे दाखवले तर दोन्हीकडच्यांचे भले होईल, पण असा तास अजून कोणी वेळापत्रकात घातलेला नाही.

थकलेला बैल : 2015 मध्ये महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती लागू झाल्यापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आहे. त्याआधी काम संपलेला बैल विकून नव्या जोडीला हातभार लागत असे. आता तो विकला जात नाही आणि उचलीत बुडालेल्या घराला त्याचा चारा परवडत नाही. काही गोशाळा अशी जनावरे सांभाळतात, अ‍ॅनिमल राहतनेही निवृत्त बैलांसाठी निवारा उभारला आहे, पण गरजेपुढे या जागा अपुऱ्या आहेत. दरम्यान कारखाने हार्वेस्टर आणि छोट्या ट्रॅक्टरमागच्या ‘अंगद’ गाड्यांकडे वळत आहेत. ट्रॅक्टर आल्याने मानेवरचे जू जाते आणि बैल पाळण्याचे कारणही जाते. ज्या कुटुंबाने जोडी ठेवली त्याला चारा-पाण्यासाठी हंगामी अनुदान, आणि ज्याने जोडी सोडून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले त्याच्या जुन्या जोडीला जवळच्या गोशाळेत जागा मिळावी, ही मागणी शेतकरी आणि प्राणिमित्र या दोघांनाही एकत्र करता येण्याजोगी आहे.