आधी सावकार, मग सैन्य

इजिप्त ब्रिटिशांच्या ताब्यात कधी गेला? पुस्तकं सांगतात, १८८२ साली. मला हे उत्तर निदान सात वर्षं उशिराचं वाटतं.

१८६३मध्ये इस्माईल गादीवर आला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस थांबल्याने इंग्लंडच्या गिरण्या इजिप्तच्या आणि आपल्याकडच्या कापसावर चालत होत्या. मुंबईत या पैशावर शेअर्सचा फुगा फुगला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच फुटला. मुंबईत व्यापारी बुडाले. इजिप्तमध्ये खुद्द सरकारच कर्ज काढत सुटलं होतं. रेल्वे, कालवे, नवं कैरो, १८६९मध्ये सुएझच्या उद्घाटनाचा थाट. सुमारे ३० लाख पौंडांचं कर्ज १८७६पर्यंत ९ कोटींच्या घरात गेलं.

कर्जाच्या अटीही बघा. १८७३चं कर्ज कागदावर ३.२ कोटी पौंडांचं. हातात आले जेमतेम २ कोटी. व्याज मात्र पूर्ण रकमेवर!

हप्ते थकू लागले, तसे १८७५मध्ये इस्माईलने सुएझ कंपनीतले आपले १,७६,६०२ शेअर्स ब्रिटनला सुमारे ४० लाख पौंडांना विकले. डिझरायलीने त्यासाठी रॉथशिल्डकडून पैसे उचलले. हिंदुस्थानच्या वाटेवरच्या कालव्यात ब्रिटनचा मोठा हिस्सा आला आणि एक गोळीही झाडावी लागली नाही.

पुढच्याच वर्षी कर्जवसुलीसाठी परकीय प्रतिनिधींचं मंडळ कैरोत बसलं. ठरावीक महसूल थेट त्याच्याकडे जाऊ लागला. १८७८मध्ये अर्थखातं एका इंग्रजाकडे आणि बांधकाम खातं एका फ्रेंच माणसाकडे गेलं.

मला खरी गोम पुढे दिसते. काटकसर म्हणून १८७९मध्ये सुमारे २,५०० लष्करी अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर बसवलं गेलं. सावकाराचा हप्ता चुकू नये म्हणून देशाने आपल्याच सैन्याचा पगार कापला! अधिकारी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ब्रिटन-फ्रान्सच्या दबावाखाली ऑटोमन सुलतानाने इस्माईललाच पदच्युत केलं. १८८०च्या कायद्याने जवळपास निम्मा महसूल कर्जाला बांधला गेला.

उरलेल्या निम्म्यावर तरी आम्हाला मत देऊ द्या, अशी मागणी तिथल्या प्रतिनिधिगृहाने १८८२च्या सुरुवातीला केली. लंडन आणि पॅरिसला तीही खपली नाही. कर्नल उराबीच्या मागे लोक आणि सैन्य उभं राहिलं. ११ जुलैला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि १३ सप्टेंबरला तेल-एल-केबीरला उराबीचा पराभव झाला. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. तेव्हा आलेलं ब्रिटिश सैन्य इजिप्तमधून पुरतं निघायला १९५६ उजाडलं.

नुसत्या कर्जामुळे स्वारी झाली, असं मी म्हणणार नाही. कालवा नसता तर ब्रिटनला इतकी घाई नसती. पण स्वारी झाली तेव्हा इजिप्तचा खजिना परक्यांच्या नजरेखाली होता, फौज दुखावलेली होती आणि राजाचा वचक संपला होता. ही तिन्ही कामं कर्जाने आधीच करून ठेवली होती.

म्हणून आज कुठल्याही देशाच्या परकीय कर्जाची बातमी वाचताना मी नुसता आकडा बघत नाही. कर्ज कुणाच्या चलनात आहे, तारण काय ठेवलंय, आणि हप्ता चुकला तर देशाच्या बजेटवर सही कोण करणार, हे आधी शोधतो.